नाव कोणती आणि किनारा कोणता?
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



आपणांपैकी बहुतेकजण हावड्याहून बाबूघाटाला फेरीबोटीने कधीतरी गेले असतील. बोट सुटते त्या पहिल्या क्षणी आपण हलत नाही. घाटच मागे सरकू लागतो. याच गंगेच्या काठी, वर पाटण्याला, आर्यभटाला हाच दृष्टांत सुचला असावा. त्याने ज्या कुसुमपुराचा उल्लेख केला आहे ते पाटणाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नावेतल्या माणसाला तीरावरच्या अचल वस्तू जशा उलट जाताना दिसतात, तसे अचल तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे त्याने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहिले. एका महायुगात पृथ्वी स्वतःभोवती किती वेळा फिरते तेही त्याने सांगितले आहे. त्यावरून हिशेब केला तर एका फेरीला २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद पडतात. आजच्या मापनाशी हा आकडा सेकंदापर्यंत जुळतो.

पुढच्यांना मात्र हे मानवले नाही. पृथ्वी फिरत असेल तर आकाशात गेलेले पक्षी घरट्याकडे परततील कसे, असे वराहमिहिराने विचारले. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नव्हता. त्याचे समाधानकारक उत्तर मिळायला गॅलिलिओचा १६३२ सालचा ग्रंथ यावा लागला. संथ चालणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीत माश्या उडतात, पाण्याचे थेंब सरळ खाली पडतात. कारण जहाजाची गती त्यांच्याही अंगी असते. पक्षी आणि भोवतालची हवा अशीच पृथ्वीच्या गतीत सामील आहेत.

गती सांगायची म्हणजे ती कशाच्या अपेक्षेने, हे आधी ठरवावे लागते. यालाच संदर्भचौकट म्हणतात. पंचांगात मंगळ वक्री होतो; पण तो खरोखर मागे फिरत नाही. सूर्याच्या चौकटीतून पाहिले तर पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते, मंगळ २४, आणि दर सव्वीस महिन्यांनी आपण त्याला मागे टाकतो, एवढेच घडते. आपल्या मंगळयानाची यात्रा तर तीन चौकटींत आखली होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये उड्डाणानंतरच्या प्रदक्षिणा पृथ्वीच्या, पुढचा दीर्घ प्रवास सूर्याच्या, आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी यानाचा वेग सेकंदाला सुमारे १.१ किलोमीटरने घटवला तो मंगळाच्या अपेक्षेने मोजून.

आमचे एक स्नेही यावरून ठणकावून म्हणाले, “म्हणजे टॉलेमी आणि कोपर्निकस दोघेही सारखेच खरे!” मला हे मान्य नाही. सोयीसाठी पृथ्वी स्थिर धरायला हरकत नाही. पंचांगकर्ते धरतातच, आणि सूर्योदय हा शब्द ज्योतिर्विदांनीही सोडलेला नाही. पण फिरत्या चौकटीची फिरत आतल्या आतही उघडकीस येते. १८५१ साली फूकोने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांबीचा लंबक टांगला. त्याच्या आंदोलनाची दिशा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत वळत गेली. आपल्या कोलकात्यात तसा लंबक टांगला तर ती फेरी पुरी व्हायला अडीच दिवसांहून थोडा अधिक काळ लागेल. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा पुरावा त्याआधीच हाती आला होता. पावसात चालताना छत्री पुढे कलवावी लागते, तशी ताऱ्यांकडे रोखलेली दुर्बीण किंचित कलवावी लागते, हे ब्रॅडलीने १७२९ साली दाखवले. ताऱ्यांच्या चौकटीत पृथ्वी वर्षाकाठी एक फेरी मारते, हे त्यातून दिसते.

पण सूर्य तरी कुठे स्थिर आहे? आकाशगंगेच्या केंद्राभोवती तो सेकंदाला सुमारे सव्वादोनशे किलोमीटर वेगाने फिरतो. विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मतरंगांच्या प्रारणाच्या अपेक्षेने मोजले तर सूर्यमालेचा वेग सुमारे ३७० किलोमीटर भरतो, सिंह राशीच्या दक्षिण सीमेच्या दिशेने. चैत्रात रात्री नऊ-दहाच्या सुमारास ती दिशा इथून दक्षिणेच्या आकाशात चांगली उंचावर असते. शहराच्या दिव्यांनी काही शिल्लक ठेवले असेल, तर मंडळाच्या गच्चीवरून ती आपणांस दाखवीन.