न निर्माण झालेल्या कचऱ्याचा हिशेब

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



गतवर्षी याच सभेत मी मोठ्या समाधानाने निवेदन केले होते की, आपल्या रुग्णालयातून प्रक्रियेसाठी जाणाऱ्या जैव-वैद्यकीय कचऱ्याचे वजन घटले आहे. आपण टाळ्या वाजवून त्याचे स्वागत केलेत. आज प्रथम मला ते निवेदन दुरुस्त करावयाचे आहे.

त्या सभेनंतर काही आठवड्यांनी स्वच्छता विभागातील एका मावशींच्या बोटात सुई टोचली. ही सुई पांढऱ्या, टणक डब्यात असावयास हवी होती. ती सामान्य कचऱ्याच्या पिशवीत होती. मावशींना तातडीने प्रतिबंधक औषधे देण्यात आली. पुढील सहा महिने त्यांच्या रक्ताच्या तपासण्या होत राहिल्या आणि सर्व अहवाल निर्दोष आले, ही परमेश्वराची कृपा. मी विचारपूस करावयास गेलो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "साहेब, या पिशवीचं वजन कुणी करतच नाही."

त्यांचे म्हणणे खरे होते. आम्ही पिशव्या तपासल्या, तेव्हा त्यांत ड्रेसिंगचे बोळेही आढळले. शिवाय त्या वर्षी एक कक्ष दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणजे रुग्णही कमी होते. तात्पर्य, मी ज्याला प्रगती म्हटले, तिचा काही भाग रुग्णसंख्येतील घट होता आणि काही भाग एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत गेलेला कचरा होता.

कायद्याची चौकट आपल्याकडे जुनी आहे. १९९८ साली जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नियम आले आणि २०१६ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. रक्ताने माखलेले ड्रेसिंग व मुदतबाह्य औषधे पिवळ्या पिशवीत, नळ्या व सलाइनच्या बाटल्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्या खोक्यात, अशी विभागणी ठरली आहे. दरवर्षी ३० जूनपर्यंत आपण मागील वर्षाचा अहवाल सादर करतो. परंतु हा सारा हिशेब निर्माण झालेल्या कचऱ्याचा आहे. कचरा निर्माणच होऊ नये यासाठी केलेल्या प्रयत्नांचे मोजमाप कसे करावे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. जी वस्तू कचऱ्यात आलीच नाही, तिला तराजूत कसे घालणार?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर खतावणीत शोधावेसे वाटते. पहिली गोष्ट भाजकाची. समजा, एका महिन्यात ३,००० रुग्ण-दिवस भरले आणि कचरा ९०० किलो झाला. दुसऱ्या महिन्यात रुग्ण-दिवस २,००० आणि कचरा ७०० किलो. वजन २०० किलोंनी उतरले, पण दर रुग्ण-दिवसामागे ते ३०० ग्रॅमवरून ३५० ग्रॅमवर गेले. केवळ वजन पाहणारा आनंद मानील, भागाकार करणारा चिंतेत पडेल.

दुसरी गोष्ट आधारवर्षाची. २०२० व २०२१ या कोविडच्या वर्षांत संरक्षक पोशाख व मुखपट्ट्यांमुळे कचरा अतोनात वाढला होता. त्या वर्षांशी तुलना केल्यास कोणतेही वर्ष उत्तम ठरेल. म्हणून ती आधारवर्षे म्हणून आम्ही वर्ज्य केली आहेत.

तिसरी गोष्ट, वजन म्हणजे धोका नव्हे. पाऱ्याच्या थर्मामीटरचे वजन ते काय! परंतु ते फुटल्यावर सांडणारा पारा विषारी. त्याच्या जागी डिजिटल थर्मामीटर आला, तर कचऱ्याच्या वजनात फरक जाणवणारही नाही. तरीही ते कचरा-प्रतिबंधाचे उत्तम उदाहरण आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कचरा उकिरड्यावर जन्मत नाही, तो भांडारात जन्मतो. गरजेपेक्षा अधिक मागविलेले औषध मुदत संपताच पिवळ्या पिशवीत जाते. म्हणून खरेदीची नोंदवही, वापराची नोंदवही आणि कचऱ्याची नोंदवही या तिन्ही शेजारी ठेवल्याखेरीज प्रतिबंधाचा अंदाज येत नाही. ज्या औषधाची मुदत आधी संपते ते आधी वापरावे, हा साधा नियम काटेकोर पाळला गेला की मुदतबाह्य औषधांची यादी आखूड होते. ती यादी किती आखूड झाली, हेच मोजमाप.

मात्र येथे एक धोका आहे. आकडा उतरविण्याच्या भरात एकदाच वापरावयाची वस्तू कोणी पुन्हा वापरू नये, हातमोजे घालण्यात कोणी काटकसर करू नये. म्हणून यापुढे प्रत्येक तिमाही तक्त्यात कचऱ्याच्या आकड्याशेजारी सुई टोचल्याच्या घटनांची व रुग्णालयात जडलेल्या संसर्गांची संख्या छापली जाईल. पहिला आकडा उतरला आणि दुसरे चढले, तर ती प्रगती धरली जाणार नाही. सामान्य कचऱ्यासह प्रत्येक पिशवीचे वजन होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयीन कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के कचरा सामान्य स्वरूपाचा असतो. एवढा मोठा भाग न मोजता केलेला हिशेब हिशेबच नव्हे.

देणगीदारांना एक नम्र विनंती. आपण औषधे देता, त्यामागील भावना अमोल आहे. परंतु दोन महिन्यांत मुदत संपणारी औषधे मोठ्या प्रमाणात आल्यास आपले दान पिवळ्या पिशवीत जाते. त्याच संघटनेच्या औषधदानविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार दान केलेल्या औषधांना सर्वसाधारणपणे किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी. देण्यापूर्वी आमच्या भांडारपालांकडे गरजेची चौकशी करावी. रुग्णांच्या नातेवाइकांनी डबा स्टीलचा आणावा आणि कोणत्या डब्यात काय टाकावे हे कक्षातील सिस्टरांना विचारण्यास संकोच करू नये.

या वर्षी मी आपल्यासमोर घटीचा आकडा मांडत नाही. बारा महिन्यांची पूर्ण मोजणी हाती आल्यावरच तो मांडीन. त्या मावशी आज कामावर रुजू आहेत आणि सामान्य कचऱ्याच्या वजनाची नोंद त्यांच्याच देखरेखीखाली होते. त्यांनी दाखविलेली चूक प्रांजळपणे आपल्यापुढे ठेवणे, हे मी माझे कर्तव्य समजतो.