गर्दीत फोटो काढताय? आधी हात मोकळे आहेत का बघा

गणपती जवळ आलेत, म्हणून आजचा भाग जरा वेगळा. एरवी आपण ॲप, फोन, प्रायव्हसी असं काहीबाही बोलतो. आज बोलूया गर्दीत फोटो काढण्याबद्दल. म्हणजे मिरवणूक, लोकल, धबधबा, जत्रा, जिथे माणसं खूप आणि फोन त्याहून जास्त, अशा ठिकाणी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, "फोटो काढू नका" असं मी म्हणणार नाही. नोकरी सॉफ्टवेअरची असली तरी विसर्जनाच्या दिवशी मी लॅपटॉप बंद करतो आणि पुण्यात मंडईपासून लक्ष्मी रोडने फोटो काढत फिरतो. तेव्हा हे घरी बसून दिलेलं भाषण नाही, एवढं समजा.

तर, मुद्दा असा. फोटो काढताना आपण फोनला दोन गोष्टी देऊन टाकतो: हात आणि डोळे. आणि गर्दीत स्वतःला सांभाळायला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात. हात तोल सावरायला आणि छातीसमोर जागा धरायला. डोळे धक्का कुठून येतोय ते बघायला. म्हणून फोन किती वेळ वर ठेवायचा, हे गर्दी बघून ठरवायचं. छान फ्रेम दिसली म्हणून नाही.

आता गर्दी बघायची कशी? एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन डोळ्यांसमोर आणा. त्यात दोन-तीन माणसं असतील तर तुम्ही हवं तिकडे वळू शकता. चार-पाच झाली की खांदे घासायला लागतात. सहा-सातच्या पुढे गेली की तुम्ही चालत नाही, गर्दी तुम्हाला नेते. तिथे माणसांचा लोंढा पाण्यासारखा वागतो, मागे कुणी ढकललं की ती लाट पुढपर्यंत येते. कुणाचाच हेतू वाईट नसतो, पण लाट थांबवता येत नाही.

तिथे उभं राहून माणसं मोजत बसणं शक्य नाही, म्हणून सोपी खूण सांगतो. दोन्ही खांद्यांना अनोळखी माणसं चिकटली की फोन खिशात. चारही बाजूंनी स्पर्श जाणवायला लागला की तिथून निघायचं. आणि पाय न उचलता आपण सरकतोय असं वाटलं, तर मग फोटोचा विषयच संपला.

हे मी इतकं ठासून का सांगतोय? २९ सप्टेंबर २०१७. मुंबईचं एल्फिन्स्टन रोड स्टेशन, आताचं प्रभादेवी. सकाळची ऑफिसची वेळ, अचानक मोठा पाऊस, आणि पुलाच्या जिन्यावर माणसं अडकली. २३ जण गेले. तिथे जत्रा नव्हती, रोजचीच लोकं होती. २०२२ मध्ये सोलच्या इटेवॉन भागात, हॅलोविनच्या सेलिब्रेशनच्या रात्री, एका चिंचोळ्या उताराच्या गल्लीत दीडशेहून जास्त माणसं गेली. बहुतेक विशीतली, म्हणजे तुमच्या-माझ्या वयाची.

आपल्याला वाटतं अशा ठिकाणी माणसं पायाखाली येऊन मरतात. काही तशीही जातात, पण पुष्कळ जण उभ्या-उभ्या जातात. सगळ्या बाजूंनी इतका दाब येतो की छाती फुगायला जागाच उरत नाही, श्वास घेता येत नाही. आता जरा डोळ्यांसमोर आणा, दोन्ही हात डोक्यावर, फोनमध्ये व्हिडिओ चालू. छाती पूर्ण उघडी. लाट आली की हात खाली आणायलाही जागा मिळत नाही.

म्हणून लाट जाणवली की हात छातीसमोर घ्यायचे, बॉक्सर धरतात तसे, कोपर थोडे बाहेर. एक पाय पुढे, एक मागे. उलट्या दिशेने ढकलायचं नाही, दमायला होतं आणि उपयोग शून्य. धक्का ओसरला की तिरकं-तिरकं कडेला सरकायचं. ओरडण्यात श्वास घालवायचा नाही. खाली पडलातच आणि उठता येत नसेल, तर कुशीवर वळून गुडघे पोटाशी आणि हात डोक्याभोवती, म्हणजे छातीपुढे थोडी जागा राहते.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट. दाट गर्दीत फोन हातातून पडला तर तो उचलायला वाकायचं नाही. मला माहितीये, अजून ११ हप्ते बाकी असतात! पण वाकलेला माणूस मागच्यांना दिसत नाही. तुम्ही पडलात की मागचा तुमच्यावर पडतो, त्याच्यावर त्याच्या मागचा. फोन जाऊ द्या. हे आत्ताच, शांत डोक्याने ठरवून ठेवा. कारण त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो, हात आपोआप खाली जातो.

"कडेला उभं राहा" असं सगळे सांगतात. बरोबर आहे, पण थोडं समजून घ्या. विरळ गर्दीत भिंतीला पाठ लावून फोटो काढणं मस्त, मागून धक्का नाही आणि खिसाही सुरक्षित. पण गर्दी दाटली की तीच भिंत किंवा बॅरिकेड धोक्याचं, कारण सगळा दाब तिथेच येऊन थांबतो. म्हणून उभं राहायची जागा निवडताना जवळ बोळ किंवा चौक आहे ना, बाहेर पडायला वाट आहे ना, ते आधी बघा. फोटोचा अँगल नंतर.

आता मिरवणुकीचं बघू. माझा मामेभाऊ ढोल पथकात वाजवतो. त्याची नेहमीची तक्रार, "दादा, लोक दोरीच्या आत घुसतात." पथकाभोवती स्वयंसेवक दोरी धरून चालतात ना, ती काही शोभेची नाही. आत ध्वज फिरत असतो, त्याची काठी लांब असते आणि नाचवणाऱ्याची नजर वर असते. ढोलवाल्याला कमरेला बांधलेल्या ढोलामुळे पुढचं खालचं दिसत नाही. तुम्ही रीलसाठी खाली बसलात तर तुम्ही त्याला दिसतच नाही.

दुसरं, रथासमोर किंवा ट्रॅक्टरसमोर उलटं चालत व्हिडिओ काढणं. मागे जनरेटरची केबल असते, फुटपाथची कडा असते, आणि समोरून चाक येत असतं. उलटं चालायचंच असेल तर एका मित्राने तुमच्या बॅगेला धरून मागचं बघायचं. नाहीतर एका जागी उभे राहा, मिरवणूक स्वतःच तुमच्यासमोरून जाणार आहे.

तिसरं, लेझर लाइट. त्याचा झोत थेट लेन्समध्ये गेला तर कॅमेऱ्याचा सेन्सर जळू शकतो, फोटोत कायमचे डाग किंवा रेषा येतात. फोनचं हे, तर डोळ्यांचं काय होईल बघा. झोत तुमच्याकडे फिरला की फोन खाली आणि मानही खाली.

चौथं, उंच जागा. जुन्या वाड्याची गॅलरी, पत्रा, कठडा. फोटो भारी येतो, कबूल. पण तीच कल्पना एकाच वेळी पन्नास जणांना सुचते. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला. रविवार होता, पुलावर पर्यटकांची गर्दी होती. चार जण गेले, कितीतरी जखमी झाले. जुन्या बांधकामावर आपण एकटे किती जड आहोत हे बघून चालत नाही, आपल्याबरोबर किती जण उभे आहेत ते बघावं लागतं. गर्दी असेल तर पूल ओलांडा आणि पलीकडच्या काठावरून पुलाचा फोटो काढा. पुलावर थांबू नका.

गिरगाव चौपाटीला जाणार असाल तर पाण्यात अनवाणी उतरून फोटो नको. २०१३ मध्ये विसर्जनाच्या वेळी तिथे पुष्कळ जणांना पाकट माशाने डंख मारले होते. जेलीफिशही असतात. संध्याकाळच्या गढूळ पाण्यात पायाखाली काय आहे ते दिसत नाही, आणि तुमची नजर तर स्क्रीनवर.

लालबागला जायचं म्हणजे बऱ्याच जणांना लोकल आलीच. दारात उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्यांची वाट बघणारे लोक असतात. फटका गँग म्हणतात त्यांना. रुळाजवळ उभे राहतात, काठीने हातावर फटका मारतात, फोन खाली पडतो. फोन गेला तरी एक वेळ चालेल, पण त्या फटक्याने तोल गेला तर? दारात असताना फोन आतच ठेवा. फोटो हवाच तर सीटवरून, खिडकीच्या आतून.

रुळांवर उतरून फोटो काढणं हा तर गुन्हाच आहे. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. फोनची मुख्य लेन्स वाइड असते, तिच्यात लांबच्या वस्तू आहेत त्याहून लहान आणि दूर दिसतात. म्हणजे स्क्रीनवर "गाडी अजून लांब आहे" असं वाटतं, तेव्हा ती लांब नसते. आणि उभ्या मालगाडीच्या डब्यावर चढून सेल्फी तर अजिबात नाही. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तारेला हात लावायची गरज नसते, जवळ गेलात तरी झटका बसतो.

आता माझ्या प्रांतात येतो. फोन. गर्दीत फोटो काढताना बहुतेक जण आधी फोन अनलॉक करतात, मग कॅमेरा उघडतात. तेव्हा कुणी फोन हिसकावला तर त्याच्या हातात उघडा फोन जातो: यूपीआय, ईमेल, सगळं. त्याऐवजी लॉक स्क्रीनवरूनच कॅमेरा उघडा. बऱ्याच अँड्रॉइडवर पॉवर बटण दोनदा दाबायचं, आयफोनवर स्क्रीन डावीकडे सरकवायची. फोटो निघतात आणि फोन लॉकच राहतो. चोराला फार तर नुकतेच काढलेले फोटो दिसतील. सवय लागायला एक दिवस पुरतो.

शिवाय अँड्रॉइडमध्ये थेफ्ट डिटेक्शन लॉक आहे, फोन झटक्यात ओढला गेल्याचं ओळखून स्क्रीन लॉक करतं. आयफोनमध्ये स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन आहे. चालू करून ठेवा. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर लॉक फोनवरही ओटीपी वाचता येतो. आणि स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून आयएमईआय नंबर वहीत लिहा. फोनमध्येच सेव्ह करून काय उपयोग! फोन गेला तर आधी सिम बंद, मग पोलिसात तक्रार, मग संचार साथी पोर्टलवरून आयएमईआय ब्लॉक. पैसे गेले असतील तर लगेच १९३०.

फोन मनगटाच्या दोरीने बांधा, गळ्यातल्या नको. गर्दीत गळ्यातला पट्टा कशातही अडकतो.

अजून एक, नेटवर्क. लाखभर माणसं त्याच टॉवरवर असली की लाइव्ह लोकेशन चालत नाही, कॉल लागत नाही. म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते घरून निघतानाच ठरवा. "अलका टॉकीजपाशी" असं नको, तिथे तर सगळं पुणं असतं. गर्दीपासून दोन गल्ल्या लांबचं एखादं दुकान ठरवा, आणि वेळही.

शेवटचं, समोरच्या माणसांबद्दल. सुरक्षित राहायचा हक्क फोटोतल्या माणसालाही आहे. नाचताना, पावसात भिजलेल्या, धक्काबुक्कीत सापडलेल्या बाईवर झूम करणं म्हणजे स्ट्रीट फोटोग्राफी नव्हे. खाजगी अवयवांचे फोटो संमतीशिवाय काढणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा बाजूला ठेवा. कुणी "माझा फोटो काढू नका" म्हटलं तर वाद घालू नका. "सॉरी ताई, काढून टाकतो" म्हणा, त्यांच्यासमोर डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही. गर्दीत आवाज चढला की दहा माणसं जमायला मिनिटही लागत नाही, आणि त्यांना आधीचं काहीच माहीत नसतं.

आणि समोर कुणी खाली पडलेलं दिसलं, तर पहिला हात फोनकडे जाऊ देऊ नका. दोघा-तिघांनी गोल करून त्यांना उठवा, मागच्यांना हात वर करून थांबवा, ११२ लावा. त्या वेळी रेकॉर्डिंग करणारे पुष्कळ असतात, उठवणारे कमी पडतात.

आज रात्री फोनच्या सेटिंगसाठी दहा मिनिटं काढा, घरच्यांच्या फोनवरही करून द्या. आईला लॉक स्क्रीनवरून कॅमेरा उघडायला शिकवा, तिलाच आरतीचे फोटो सगळ्यात जास्त काढायचे असतात! काही अडलं तर मला लिहा, पुढच्या भागात उत्तर देईन. फोटो कडक काढा, आणि सगळे मिळून घरी या. गणपती बाप्पा मोरया!