क्रियाविशेषण : मराठीतून इंग्रजीकडे



मराठी माध्यमाच्या शाळेपुढे पालक एक प्रश्न नेहमी ठेवतात : 'मुलांचे इंग्रजी कसे होणार?' या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर मुलांच्या वहीतील चुका नीट वाचाव्या लागतात. त्यासाठी क्रियाविशेषण हा व्याकरणातील एक लहानसा विषयही पुरेसा आहे.

'शी सिंग्ज गुड' असे मूल लिहिते आणि घरात हशा पिकतो. वास्तविक या वाक्यामागे मराठीचे पक्के ज्ञान असते. मराठीत 'चांगली मुलगी' म्हणतात, तसेच 'ती चांगली गाते' असेही म्हणतात. शब्द एकच, आणि तो कर्त्याप्रमाणे बदलतोही : तो चांगला गातो, ती चांगली गाते. इंग्रजीने ही दोन कामे वाटून दिली आहेत. मुलगी कशी आहे, हे सांगताना 'गुड'. ती गाते कशी, हे सांगताना 'वेल'. एवढा भेद उलगडून दाखवला, की मूल स्वतःच चूक दुरुस्त करते.

इंग्रजीत बहुतेक वेळा विशेषणाला 'ली' जोडून क्रियाविशेषण होते : स्लो-स्लोली, केअरफुल-केअरफुली. मराठी हेच काम पुष्कळदा नामाला 'ने' किंवा 'पूर्वक' जोडून करते : वेगाने, काळजीपूर्वक. मात्र नियम डोळे मिटून लावता येत नाही. 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' यांच्या शेवटी 'ली' असूनही ती विशेषणेच आहेत. 'फास्ट' क्रियाविशेषण म्हणूनही तसाच राहतो. 'फास्टली' म्हणत नाहीत. 'लेट' म्हणजे उशिरा, तर 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'हार्ड' म्हणजे कष्टाने आणि 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. नोकरीच्या मुलाखतीत एखादा तरुण आपली मेहनत सांगण्यासाठी 'हार्ड'ऐवजी 'हार्डली' म्हणाला, तर अर्थ नेमका उलटा होतो.

शब्दाच्या रूपाइतकीच त्याची जागाही महत्त्वाची. 'ती काल शाळेत सुरेख गायली' या वाक्यात आधी काळ, मग स्थळ आणि शेवटी रीत येते. इंग्रजीचा नेहमीचा क्रम याच्या बरोबर उलट आहे : 'शी सँग वेल ॲट स्कूल येस्टर्डे'. मराठीत विभक्तिप्रत्ययांमुळे शब्दांचे नाते कळते, म्हणून ते पुढेमागे झाले तरी चालते. इंग्रजी वाक्य जागेवर अधिक अवलंबून असते. म्हणून 'ही रीड्स द बुक केअरफुली' हे वाक्य योग्य. 'ही रीड्स केअरफुली द बुक' हे कानाला खटकते. 'ऑल्वेज' मुख्य क्रियापदाच्या आधी येतो, पण 'इज'च्या नंतर : 'ही ऑल्वेज कम्स लेट', 'ही इज ऑल्वेज लेट'.

'तो इथेच आहे' याचे 'ही इज हिअर ओन्ली' असे भाषांतर मोठी माणसेही करतात. येथे आपला 'च' इंग्रजीत शिरलेला असतो. मराठीत 'च' ज्या शब्दाला चिकटतो, त्यावर भर पडतो : 'मीनानेच आंबा खाल्ला' आणि 'मीनाने आंबाच खाल्ला' यांत किती अंतर आहे! इंग्रजीतही 'ओन्ली' हलवला की अर्थ हलतो : 'ओन्ली मीना एट द मँगो', 'मीना एट ओन्ली द मँगो'. 'च'ची ताकद ओळखणाऱ्या मुलाला 'ओन्ली'ची ताकद लवकर उमगते. तथापि 'इथेच'मधला 'च' केवळ भर देणारा असल्यामुळे तेथे 'राइट हिअर' म्हणावे लागते.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांच्या कानांवर आणखी एखादी भाषा असते. हिंदीतील 'कल' मागचा दिवसही दाखवतो आणि पुढचाही. मराठी मात्र इंग्रजीप्रमाणेच 'काल' आणि 'उद्या' वेगळे ठेवते; 'परवा' मात्र दोन्हीकडे चालतो. भाषा अशा शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे प्रत्येकीचा स्वभाव कळतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 मध्ये प्रसिद्ध झाले, तर मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 मध्ये. मराठीच्या तासाला क्रियाविशेषण शिकलेले मूल ही संकल्पना घेऊनच इंग्रजीच्या तासाला बसते. तेथे त्याला नवे शिकायचे असतात ते शब्द आणि त्यांच्या जागा.

म्हणून पालकांना एकच विनंती. मुलाचे वाक्य चुकले, तर हसू नये. दोन प्रश्न विचारावेत : 'हा शब्द कशाविषयी सांगतो?' आणि 'त्याची जागा कोणती?' माजी विद्यार्थ्यांनी आपल्या व्यवसायात इंग्रजी कसे कमावले, हे अधूनमधून वर्गात येऊन सांगावे. हसे होईल या भीतीने जे मूल गप्प बसते, त्याचे इंग्रजी तेथेच थांबते. जे मूल चुकत चुकत बोलत राहते, ते आज ना उद्या नीट बोलू लागते.