कौल मतदाराचा, जागा कोणाची?



निवडून आलेला उमेदवार मुळातच अपात्र होता, असे न्यायालयात सिद्ध झाले, तर ती जागा कोणाची? ‘दुसऱ्या क्रमांकाची’, असे उत्तर सहज दिले जाते. शर्यतीत ते शोभते. निवडणूक मात्र शर्यत नव्हे. तो जनतेचा कौल असतो.

ब्रिटनचे उदाहरण पाहा. १९६० मध्ये वडिलांच्या निधनानंतर टोनी बेन यांच्याकडे वारसाने उमरावपद आले आणि कॉमन्स सभागृहाचे दार त्यांना बंद झाले. तरीही १९६१ च्या ब्रिस्टल साउथ ईस्ट पोटनिवडणुकीत ते उभे राहिले. त्यांना २३,२७५ मते पडली. प्रतिस्पर्धी माल्कम सेंट क्लेअर यांना १०,२३१. निवडणूक न्यायालयाने सेंट क्लेअर यांनाच विजयी ठरविले. बेन यांची अपात्रता मतदारांना ठाऊक होती, सबब ती मते वाया गेली, हा त्यामागील तर्क. १९६३ मध्ये उमरावपदाचा त्याग करण्याची मुभा देणारा कायदा झाला. सेंट क्लेअर यांनी जागा सोडली आणि बेन पुन्हा निवडून आले.

आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चे कलम १०१ अधिक सावध आहे. पराभूताला सर्वाधिक वैध मते मिळाली होती, किंवा विजेत्याने भ्रष्ट मार्गाने मिळविलेली मते वगळता ती मिळाली असती, तरच त्याला निर्वाचित घोषित करता येते. विश्वनाथ रेड्डी प्रकरणात रिंगणात दोघेच होते. एक बाद झाल्यावर उरलेला जणू बिनविरोधच ठरला. परंतु कर्नाटकातील भालकीच्या प्रकाश खंड्रे प्रकरणात उमेदवार दोनांहून अधिक होते. उच्च न्यायालयाने दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला दिलेली जागा सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये काढून घेतली. अपात्र उमेदवाराची मते कोणाकडे वळली असती, हे कोण सांगणार?

हा विवेक मला योग्य वाटतो. संशय असेल तिथे पुन्हा मतदाराकडेच जावे. मात्र निवडणूक याचिकांचे निकाल लांबतात आणि तोवर अपात्र माणूस सभागृहात बसून राहतो. म्हणून कार्यकर्त्याची खरी कसोटी मतमोजणीच्या नव्हे, अर्जांच्या छाननीच्या दिवशी लागते. उमेदवाराचे शपथपत्र वाचा, आक्षेप वेळीच नोंदवा. आणि आपल्या उमेदवाराचे कागद सर्वांत आधी तपासा. मतदाराचे मत वाया जाऊ न देणे, हेही राष्ट्रकार्यच आहे.