समासातलं कारण
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"सातारा सोडून सांगलीत तू नक्की करतोस काय?" सकाळपासून सात जणांनी विचारलं. माइक हातात आहे तोवर एकदाच सांगतो.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कडबाकुट्टीसारखी यंत्रं बनतात. त्यांच्या माहितीपुस्तिका मी लाटेकमध्ये जुळवतो. लाटेक उभं आहे ते डोनाल्ड क्नूथ यांच्या 'टेक'वर. आपलं पुस्तक मनासारखं छापून येईना, म्हणून त्यांनी १९७७ साली ते करायला घेतलं. गणिताच्या सरांना आवडेल: टेकच्या आवृत्तीचा क्रमांक पायच्या एकेका अंकानं वाढतो.

मॅक्रो म्हणजे एका नावात बांधलेल्या अनेक आज्ञा. ते नाव लिहिलं की चौकट, ठळक अक्षर, मोकळी जागा, सगळं आपोआप येतं. मिरजेत १८०५ साली गीता छापली ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरून. तिथं एका पत्र्यावरची चूक त्या पानापुरती. माझी चूक एका क्षणात सगळ्या पुस्तिकांत जाते.

तशी ती गेली. किरकोळ टिपांसाठी मी नवा मॅक्रो केला. तेच नाव आधीच्या माणसानं धोक्याच्या सूचनेला दिलेलं होतं. 'न्यूकमांड' वापरलं असतं तर लाटेकनं अडवलं असतं. मी घाईत 'डेफ' वापरलं. ते जुना अर्थ मुकाट्यानं पुसतं. 'पात्याला हात लावण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करा' ही चौकट बारीक अक्षरातली टीप होऊन बसली. छपाईला जाण्याआधी आमच्या फिटरमामांनी पानं चाळली आणि म्हणाले, "साहेब, चौकट कुठं गेली? बारीक कोण वाचतंय?"

त्या रात्री झोप लागली नाही. आपल्या मराठीच्या बाई आठवल्या. त्या नुसती लाल रेघ मारायच्या नाहीत, समासात कारण लिहायच्या.

टेकमध्ये ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं की त्यापुढचं यंत्र वाचत नाही. ते फक्त माणसासाठी. आता प्रत्येक मॅक्रोवर मी तिथं लिहितो: का केला, कुठं वापरलाय, काय बदलू नये.

पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. माझ्या जागी येणाऱ्याची नि माझी भेट होईलच असं नाही. ही कारणं त्याला भेटतील.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. वही आणलेली नाही, पण समास सोडलाय.