कच्चं मडकं



मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलं होतं. पण दर रविवारी मी नवशिक्यांना चाकावर भांडी करायला शिकवते, त्याबद्दलच बोलते.

नवशिक्याला लगेच भांडं हवं असतं. पहिले दोन-तीन रविवार मात्र गोळा चाकाच्या मधोमध आणण्यातच जातात. गोळा डुगडुगला की माणूस जोर लावतो आणि तो आणखी वाकडा होतो. पूर्वी मी पटकन हात घालून सरळ करून द्यायची. एका मुलीने असं भांडं घरी नेलंच नाही. "हे तुमचं आहे, ताई," म्हणाली. तेव्हापासून मी हात मागे बांधून उभी राहते. (ऑफिसात हे अजून जमत नाही!)

खरं तर हे मला वाशीमच्या कुंभार आजींनी आधीच शिकवलं होतं. पोळ्यासाठी मी शेतातल्या मातीचा बैल केला, तो वाळताना भेगाळला. "नुसती काळी माती तडकतेच, पोरी. राख कालव तिच्यात," एवढंच आजी म्हणाल्या. बैलाला हात लावला नाही. तुटका बैल भिजवून मी पुन्हा केला.

'कच्चं मडकं' म्हणून आपण हिणवतो. गोरोबाकाकांनी थापटण्याने नामदेवांना कच्चं ठरवलं, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण मडकं कच्चं असेपर्यंतच भिजवून त्याचा पुन्हा गोळा होतो. भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापलेली माती परत कालवता येत नाही. म्हणून पहिला महिनाभर मी काहीच भाजत नाही.

आपण शाळेला प्रोजेक्टर देतोय. सोबत एक चाकही देऊ या. शिकवायला कुंभारवाड्यातलंच माणूस बोलवू. पहिल्या वर्षाचं मानधन माझ्याकडे.