'बाबा आहेत का?'



माझा मुलगा स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक आहे. फोनवर कुणी 'बाबा आहेत का?' विचारलं, की 'आहेत' म्हणून तो फोन ठेवतो. लोकांना तो उद्धट वाटतो. त्यानं तर विचारलेल्याचं खरं उत्तर दिलेलं असतं!

डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकानं २०१२ साली हेच मांडलं : न समजणं दोन्हीकडून असतं. पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चक्क आपल्या कानगोष्टींसारखा खेळ घेतला. नुसत्या ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत गोष्ट इतरांइतकीच नीट पोचली. मिश्र साखळीत मात्र जास्त गळाली.

शेवटच्या बाकावरचा आपला तो मित्र आठवतो? आपण त्याला हसायचो. मी सगळ्यात जास्त. तो आज आला आहे. जेवताना त्याच्या शेजारची जागा माझी.